बोलणं गेलं, गाणं राह्यलं

हे मी डाव्या हातानं लिहून राह्यलो, म्हणून ओळी चढाला लागल्यासारख्या वाटतील. उजवा हात अजून मांडीवर पडून असतो, जेवून झालेल्या पाहुण्यासारखा. त्याला काम सांगायची सोय न्हाई. शाळेत मी दोनच साल होतो. मास्तर उर्दू शिकवायचा अन् मी खिडकीतून बैल पाह्यचो. बालबोध अक्षरं मागून माझी मीच शिकलो. माझा लेक किसन म्हणला, "बा, तुमी सांगा, म्या लिव्हतो." मी मान हलवली. दुखणं माझं, तर लिहिणार मीच.

लिहायचं कारण असं. आता आमच्या धावड्यात अन् आसपासच्या गावांत कोणाची लकव्यानं वाचा गेली की त्याच्या घरचे माझ्याकडं येतात. "तुमचं बोलनं परत कसं आलं?" दहा जणांना सांगता सांगता जीभ दमते. जीभ दमली की मला गाऊन सांगावं लागतं, अन् परक्या माणसापुढं गायची मला अजून लाज वाटते. कागदापुढं गावं लागत न्हाई.

कांदा मागितला तो दिवस

गव्हाला पाणी चालू होतं. माझी मोट मी कधी गड्याच्या हाती दिली न्हाई. चांद्या अन् हरण्या धावेवरून, विहिरीपुढच्या उतारावरून, खाली उतरले की भरलेली मोट वर यायची, पाटात रिती व्हायची, मंग बैल मागच्या पावली धाव चढायचे. हे सगळं गाण्यावर चालायचं. चाल माझ्या बापाची, शब्द माझे:

चांद्या रं, उतर धाव,
हरण्या रं, पाणी लाव.

एवढंच. पुढं मनाला येईल ते जोडायचं. गाणं थांबलं की बैल थांबायचे. काठी मी खांद्यावर नुसती मिरवायला ठेवायचो.

दुपारी माझी घरची, किसनची आई, भाकर घेऊन आल्ती. मी बसलो अन् कांदा मागितला. म्हणजे मागायला गेलो. डोक्यात कांदा साफ दिसत होता, पांढरा, बुक्कीनं फोडायचा. तोंडातून निघालं, "बैल."

"तिकडं बांधलेत न्हवं," ती म्हणली.

मी जोर लावून म्हणलं, "बैल!"

"अवो, बैल काय भाकरीसंगं खाता का?" म्हणून ती हसली. मंग तिनं माझ्या तोंडाकडं पाह्यलं अन् तिचं हसू तिथंच थांबलं. माझ्या हातातला तुकडा खाली पडल्ता अन् मला ते ठाऊक नव्हतं.

कोणी म्हणलं अंगावरून वारं गेलं, कोणी म्हणलं विहिरीवरचं काही लागलं. घरचीनं कोणाचं ऐकलं न्हाई. "गाडी जुप," ती किसनला म्हणली. भोकरदनला एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याच्या दवाखान्यात गेलो. सगळ्या वाटेनं मी आभाळाकडं तोंड करून पडल्तो अन् एकेक शब्द डोक्यात उचलून पाहत होतो. वस्तू सगळ्या होत्या. त्यांना बाहेर यायचं दार तेवढं सापडत नव्हतं.

लोखंडी खाट

डॉक्टरीणबाई दूरच्या मुलखातल्या होत्या, पण मराठी बोलायच्या, पुस्तकातली. त्यांनी माझा हात उचलून सोडला, पाय ठोकून पाह्यला, जीभ काढायला लावली. मंग घरचीला म्हणल्या, "लकवा आहे. पाय बराचसा येईल. हात थोडा. बोलण्याचं सांगता येत नाही."

"म्हंजी येईल का न्हाई?"

"मला माहीत नाही, बाई."

डॉक्टर असून माहीत न्हाई म्हणल्या. आमच्या गावात औषध देणारा प्रत्येक माणूस सगळं माहीत असल्यासारखा बोलतो. त्या दिवसापासून मी त्यांना मानलं.

दवाखान्याचा दिवस घंटेवर चालायचा. घंटा झाली की काखेत काचेची नळी, घंटा झाली की दूध, घंटा झाली की परक्या बायांनी मला कुशीवर वळवून ओल्या फडक्यानं पुसायचं. पंचायतीत मी बोललो की लोक ऐकायचे. इथं मला कोणी विचारतबी नव्हतं, कोणत्या कुशीवर वळवू म्हणून. पहिले आठ दिवस मी भिंतीकडं तोंड करून रडलो. घरची पटांगणात तीन दगडांवर भात शिजवायची अन् मला भरवायची. मी रडलेला तिला दिसायचा. ती पदरानं भात पुसल्यासारखं करून माझे डोळे पुसून जायची.

शेजारच्या खाटेवर एक चाचा होते. पाय मोडल्ता. सारी उमर जिनिंगच्या मशिनीजवळ गेल्ती, त्यानं कान गेल्ते. ते पहिल्याच दिवशी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं ओरडले, "पाटील, मय सुनता नै, तुम बोलते नै. अपनी जोडी बराबर है!"

मला हसू आलं. हसू आख्खं आलं, कुठं न अडकता. तिथं मला पहिल्यांदा नवल वाटलं. रडणं येतं, हसणं येतं, खोकला येतो. आवाज तर आहे. मंग बोलणंच कुठं गेलं?

चाचा सांगायचे की मशीन सोडून दोन साल झाले, तरी ती त्यांच्या डोक्यात चालूच आहे. झोपेतबी तिच्या ठेक्यावर त्यांचा पाय हलतो. मी पाह्यलं, खरंच हलायचा. बाहेरचा आवाज माणसाच्या आत जाऊन घर करतो, हे मी त्या पायावरून शिकलो.

एका इतवारी डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गाण्याचा पेटारा ओसरीवर आणला. काळी थाळी फिरायला लागली अन् कोणी न दिसणारी बाई गाऊ लागली. माझा डावा पाय आपोआप ठेका धरू लागला. चाचांनी हाताचा पंजा पेटाऱ्याच्या लाकडावर ठेवला अन् डोळे मिटून मान डोलवली. ऐकू येत न्हाई त्या माणसाला तळहातानं गाणं कळत होतं! डॉक्टरीणबाई आमच्या दोघांकडं आळीपाळीनं पाहत होत्या. त्यांच्या नजरेत दया नव्हती, खोज होती. मला बरं वाटलं. दयेचा मला वीट आल्ता.

तेल

महिन्यानं घरी आलो. पायाला काठीचा आधार पुरत होता, बोलण्यात एकटा 'बैल' होता. आता मी सगळ्यांना एक विनंती करतो, की आमच्या घरच्यांनी प्रेमानं जे केलं ते तुम्ही करू नका.

भावकीतल्या जाणत्यांनी सांगितलं, डोक्याचं दुखणं आहे, आवाज बिलकुल नको. झालं. जातं उचलून घरचीच्या जावेकडं गेलं. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या निघाल्या. माझी लेक कौसा दिवसभर गुणगुणायची, तिला गप्प केलं. मला मळ्यातल्या कोठ्यात निजवलं, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, म्हणून किसननं मोटेच्या चाकालाबी तेल घातलं.

चाकाला तेल! आमच्याकडं असं कोणी करत न्हाई. चाक रडलं पाह्यजे. ज्याच्या त्याच्या विहिरीचं रडणं वेगळं. अंधारातबी कळतं कोणाची मोट चालू आहे. किसनला हे माहीत होतं. पण बाप मरंल या भ्यानं त्यानं घातलं, अर्धा शेर करडीचं.

अन् मी त्या शांततेत बुडत चाललो. दवाखान्यात घंटा होती, चाचा होते. इथं दिवसभर नुसती उन्हाची भिंत. डोक्यावर रांजण पालथा घातल्यासारखं वाटायचं. जेवण सुटलं. पायाला आलेली ताकद परत चालली. मला सांगायचं होतं, 'बाबांनो, आवाज करा.' मी म्हणायचो, "बैल! बैल!" तर किसन चांद्याला सोडून कोठ्याच्या दारात आणायचा अन् म्हणायचा, "हे पाहा बा, बरा हाय." चांद्या माझ्याकडं पाह्यचा, मी चांद्याकडं. दोघंबी मुके.

तिकडं बैल वेगळेच बिघडले. माझं गाणं बंद पडल्यावर चाकाचा आवाज ऐकून कुठं थांबायचं अन् कुठून मागं सरायचं हे त्यांना कळायचं. आवाज गेला तर ते धावेच्या मध्येच उभे राहू लागले. अर्धी मोट परत विहिरीत. किसन मारून थकला. गहू पिवळा पडायला लागला तशी घरची कमरेला पदर खोचून धावेवर गेली.

"मानसाला आवाज नको, जनावराला पाह्यजे. आता काय करू सांगा?" असं ती कोणाला म्हणली देव जाणे. मंग तिचं तीच म्हणली, "काढ ते तेल. गहू गेला तर मानसाला काय तेल पाजू?"

त्यांनी चाक राखेनं घासलं, चिंधीनं पुसलं, परत घासलं. हे मला मागून कळलं, तवा आत काही माहीत नव्हतं. एकदम चाक रडलं. कर्र... कर्र... अन् माझ्या तोंडातून, मला न विचारता, निघालं:

"चांद्या रं, उतर धाव, हरण्या रं, पाणी लाव."

सगळं. नावं बराबर, चाल बराबर. कौसा गव्हात पाणी वळवत होती. खोरं टाकून धावत आली. "आई! बा गाऊन राह्यले!"

घरची आली अन् माझे दोन्ही गाल धरले. "बोला आता. माझ्यासंगं बोला."

मी म्हणलं, "बैल."

माझा हट्ट

घरचीचं डोकं माझ्यापेक्षा जल्दी चालतं. दोन दिवसांत तिनं ओळखलं की जे बोलता येत न्हाई ते मला गाता येतं. मोटेची चाल धरली की तिच्या मागं दुसरा शब्दबी निघू शकतो. तिनं तांब्या हातात घेऊन मला शिकवायला सुरुवात केली, "चांद्या रं, पाऽणी. म्हना."

मी तोंड फिरवलं.

का, ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बैलापुढं गाणं ही एक गोष्ट. घरात बसून पाणी मागायला गायचं, भावकीतल्या सुनांनी तोंडाला पदर लावायचा, गल्लीत पोरासोरांनी नकला करायच्या. त्यापेक्षा मुका बरा. मी ठरवलं, आलं तर नीट बोलणं येईल, न्हाईतर काहीच न्हाई.

"गाऊन मागाल तवा मिळंल," घरची म्हणली अन् तांब्या माझ्या पुढ्यात, पण हाताला लागणार न्हाई असा ठेवला. अर्धा दिवस आम्ही दोघं त्या तांब्याकडं पाहत बसलो. शेवटी मी काठी टेकत, पाय ओढत स्वतः उठलो अन् प्यालो.

"चला," ती म्हणली, "बोलनं न्हाई तर न्हाई, चालनं तरी आलं."

एकट्यानं केलेले प्रयोग

पण खोज काही सुटेना. बैल पाणी पिऊन उभे असले अन् मळ्यात कोणी नसलं की मी धावेवर बसून प्रयोग करायचो. नुसता 'मीठ' म्हणायला गेलो तर 'बैल'. 'चांद्या रं' चालीत म्हणून पुढं 'मीठ' लावलं की निघायचं, काट्याच्या वईतल्या फटीतून एका शेरडामागं दुसरं शेरडू निघावं तसं. डाव्या हातानं मांडीवर ठेका दिला तर आणखी सोपं. चाल फार जल्दी घेतली तर शब्द सांडायचे. बैल दमल्यावरची संथ चाल सगळ्यात चांगली. हे मला कोणी शिकवलं न्हाई.

मंग बाकीचे आवाज पाह्यले. जातं परत घरात आणायला लावलं, बोटानं दाखवून. त्याची घरघर ऐकली की पायात येणारे गोळे सैल पडायचे. रेणुकाईच्या देवळात संबळ वाजायला लागलं तर काठी विसरून पाऊल पडायचं, पण छाती धडधडायची. संबळ थांबलं की गुडघा परत लाकूड. भांडं पडलं तर सगळं अंग आखडायचं. म्हणजे आवाज नुसता कानाचा नसतो. एक पायाला लागतो, एक काळजाला, एक जिभेला. कोणता कशाला, ते प्रत्येकानं आपलं आपण पाह्यलं पाह्यजे.

दोन महिन्यांनी जालन्याला परत दाखवायला गेलो. घरचीनं डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "असं होतं म्हणून मी ऐकलं आहे. पाहिलं नव्हतं. म्हणाल का, पाटील?"

मी मान हलवली. न्हाई.

त्या रागावल्या न्हाईत. म्हणल्या, "बोलण्याची खोली पडली असेल. गाण्याची खोली शेजारी आहे, ती उभी आहे. मला वाटतं तुम्ही त्या खोलीतून ये-जा करत आहात. पण हे फक्त मला वाटतं."

परतीच्या वाटेवर मी तेच घोळवत होतो. आज ती काळी थाळी करमणुकीची आहे. पुढं कधी, मी नसेन तवा, दवाखान्यात खाटेखाटेला असा पेटारा असेल. औषधाच्या बाटलीसारखी थाळी लिहून देतील: याला सकाळी जात्याची, त्याला संध्याकाळी संबळाची, पण अर्धीच, काळीज कमजोर आहे. अन् असं गाणंबी निघेल, जे करमणुकीला कोणी ऐकणार न्हाई, नुसतं गुडघा वाकवण्यासाठी रचलेलं. हसायचं त्यांनी हसावं. पण चाचांचा पायबी मला आठवायचा. जो आवाज बरं करतो तोच आत जाऊन बसतबी असेल. माणसाला हवी ती थाळी लावून हवं तसं चालवणारे निघाले तर? म्हणून मी म्हणतो, थाळी आजाऱ्याला विचारून लावावी. मला कोणत्या कुशीवर वळवू हे कोणी विचारलं नव्हतं, ते मी विसरलो न्हाई.

सुपारी

एवढं कळूनबी माणसांपुढं मी तोंड उघडत नव्हतो. ते कौसाच्या सुपारीला उघडावं लागलं.

पिंपळगाव रेणुकाईचं स्थळ. सोयरे दगडू आबा, माझ्याच वयाचे, माझ्याहून हट्टी. मुलगा कौसाला पसंत होता. ती तसं बोलली न्हाई, पण तिचं गुणगुणणं परत सुरू झाल्तं. बैठक बसली, पंच आले. आमच्यात मुलीच्या बापानं पाच माणसांत तोंडानं म्हणायचं, 'मुलगी दिली.' त्याशिवाय सुपारी फुटत न्हाई.

किसन म्हणला, "बांच्या वतीनं म्या शब्द देतो."

दगडू आबांनी सुपारी हातातच ठेवली. "बाप जिता हाय तवर पोराचा शब्द म्या घेत न्हाई."

"बा मान हलवतील."

"मान बैलबी हलवतो. पावनं, राग मानू नका, पन उद्या तुमीच म्हनाल, माझं मन नव्हतं, पोरानं परस्पर दिली. बापाच्या तोंडचं पाह्यजे. न्हाईतर आमी उठतो."

ते खरंच उठायला लागले. मला त्यांचा राग आला न्हाई, कारण त्यांच्या जागी मीबी हेच म्हणलो असतो. मी सगळी ताकद लावली. 'मुलगी दिली' डोक्यात उभं होतं, धुतल्यासारखं. तोंडातून निघालं, "बैल."

कोपऱ्यात कोणी तरी फिसकन हसलं. मधल्या दारात कौसा उभी होती. ती जमिनीकडं पाहत होती. माझी लेक, अन् तिच्या बापाच्या तोंडात तिच्या जागी बैल. घरचीनं तिच्या मागून माझ्याकडं पाह्यलं. तिनं हात आपल्या मांडीवर दोनदा आपटला, सावकाश. मळ्यातले माझे प्रयोग तिनं चोरून पाह्यले असणार.

मंग मीबी डावा हात मांडीवर आपटला. डोळे मिटले. अन् पाच पंचांपुढं, सोयऱ्यांपुढं, फेटा बांधून, मोटेच्या चालीत गायलो:

"चांद्या रंऽ, मुलगी दिली... चांद्या रंऽ, कौसा दिली..."

दोनदा म्हणलो, कोणाला शंका नको म्हणून. डोळे उघडले तर सगळी बैठक माझ्याकडं पाहत होती. कोपऱ्यातला पुन्हा हसला. दगडू आबांनी त्याच्याकडं नुसती मान वळवली, तो गप्प झाला. आबा परत खाली बसले, मांडी घातली, घसा खाकरला, अन् त्यांच्या गावच्या चालीत, माझ्याहून बेसूर, म्हणले, "घेतली रंऽ, घेतली."

सुपारी फुटली. बायांनी कुंकू आणलं. सगळे एकदम बोलायला लागले. त्या गलबल्यात दगडू आबा माझ्याकडं वाकले अन् मोठ्यानं म्हणले, "पन पावनं, चांद्याचं नाव दोनदा घेतलं तुमी. आंदनात बैलबी देऊन राह्यले का काय?"

"न्हाई!" मी म्हणलो.

बैठक थांबली. माझा हात मांडीवर नव्हता, चाल धरलेली नव्हती. दगडू आबा हसता हसता मागं कलंडले. दारातून घरची म्हणली, "इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, अन् उघडलं तर न्हाईच म्हनले."

त्यानंतर आठ दिवस दुसरा सुटा शब्द आला न्हाई, मला गाऊनच बोलावं लागलं; मंग एकेक शब्द चालीतून सुटा होत गेला. पण त्या आठ दिवसांत मी सगळ्यांपुढं गायलो. पाणी मागितलं, मीठ मागितलं, कौसाला सासरी कसं वागायचं ते सगळं चालीत सांगितलं. ती हसत ऐकत होती अन् मधूनमधून माझी चाल सुधारत होती.